घड्याळ मागे पडतं? आधी सेल बघ

भाऊ, विंडोज परत टाकायची घाई करू नको. रात्री लाइन गेली आणि सकाळी पीसीची तारीख कितीतरी वर्षं मागे, असं होत असेल तर मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतल्या मुख्य पाटीवरचा) सेल संपला समज. नाण्याएवढा, सीआर 2032, 3 व्होल्टचा. तालुक्याला घड्याळवाल्याकडंही मिळते. आधी पीसीची लाइनची वायर काढ, मग सेलच्या कडेचा खटका हळूच दाब, सेल आपोआप वर येते. नवा बसवताना अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंगचं पान) वेळ लाव, आणि हार्डडिस्कची सेटिंगही बघून घे, तीही मूळपदावर गेलेली असू शकते.

तारीख चुकली की ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. सातबारा काढायला आलेला माणूस ताटकळत बसते अन् आपण उगाच नेटला शिव्या देतो!

तारीख बरोबर, फक्त मिनिटं सरकतात? मग इंटरनेटवरून वेळ जुळवायचं बटन दाब. पण फरक 15 तासांपेक्षा जास्त असला तर विंडोज सहसा जुळवतच नाही. आधी हातानं तारीख टाक, मग बटन.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नको. टाइम झोन चुकला असेल, नाहीतर त्याच पीसीवर विंडोजच्या जोडीला लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) असेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज भारतीय. लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांग.