विज्ञान शिकताना मुलांच्या घरच्या संस्कृतीचा आणि वर्गातल्या सहभागाचा खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. बी.एड.च्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात त्याहून बराच जास्त पडतो. प्रयोगशाळा सुसज्ज असेल आणि शिक्षक तयारीचा असेल तर बाकीच्या गोष्टींचं एवढं काय, असं तुम्ही विचारलंय. मी ग्रामीण भागात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, त्या अनुभवावरून सांगते.

बाष्पीभवनाचा धडा घ्या. बाष्पीभवनामुळे माठातलं पाणी थंड होतं, हे मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पण ज्या घरात माठ रोज भरला जातो, तिथल्या मुलींना याहून पुष्कळ जास्त माहीत असतं. पावसाळ्यात पाणी तितकं गार होत नाही. माठ जुना झाला की छिद्रं बुजतात आणि मग तो पाणी गार करत नाही. वारा लागेल अशा जागी ठेवला की लवकर गार होतं. हवेतली आर्द्रता, सच्छिद्र पृष्ठभाग, वारा: अख्खा धडा त्यांच्याकडे आधीपासून आहे. हे वर्गात बोलायचं असतं, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून मी धडा तिथूनच सुरू करते. मग दोन थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळायची आणि दोन्हींचं तापमान लिहून ठेवायचं. हेच एकदा जुलैत आणि पुन्हा मार्चमध्ये. कोरड्या हवेत दोन्हींमधला फरक वाढलेला दिसतो. आपण घरी जे बोलत होतो ते मोजूनही खरं निघालं, हे पाहिलेली मुलगी पुढच्या धड्याला गप्प बसत नाही.

सहभागाबद्दल वाचायचं असेल तर होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाबद्दल जरूर वाचा. मध्य प्रदेशात १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसुलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तो १६ शाळांत सुरू केला. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने सांभाळला. मुलं चार-चारच्या गटात स्वतः प्रयोग करत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असत, तयार उत्तरं नसत. सगळ्या गटांची निरीक्षणं फळ्यावर यायची, ती जुळली नाहीत तर का जुळली नाहीत यावर वाद व्हायचा. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही होतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते परीक्षेचं. परीक्षा पाठांतराची राहिली तर वर्गातला सहभाग मुलांना वेळेचा अपव्यय वाटू लागतो, आणि पालकांना तर वाटतोच. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. घरून येणारं सगळंच मदतीला येतं असं नाही. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, ही शिकवण घेऊन आलेलं मूल 'सर, तुमची आकृती चुकली' असं म्हणणार नाही. गट करा म्हटलं की मुलं आपापल्या वस्तीप्रमाणे बसतात, आणि त्यामागे जात असते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मिश्र गटात मुलगे स्टँड आणि स्पिरिटचा दिवा ताब्यात घेतात, मुली सुवाच्य अक्षरात प्रयोगवही भरतात. वरवर पाहता सगळे सहभागी! म्हणून गट मी पाडते आणि कामं दर प्रयोगाला बदलते. यावर कुरकूर होते, होऊ दे.

अंधश्रद्धांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला आपल्याकडे रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला मात्र कितीतरी लोक सुरक्षित चष्मे लावून बाहेर आले, आणि त्यामागे लोकविज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांची मेहनत होती. ग्रहण का लागतं हे पाठ्यपुस्तकात दोन्ही वेळेला होतंच. फरक पडला तो लोकांच्या हातात पाहायचं साधन आल्याने आणि शेजारीपाजारीही पाहत असल्याने. २५ ऑक्टोबर २०२२ चं ग्रहण ऐन दिवाळीच्या सुट्टीत आलं, म्हणून मुलांना आधीच छोट्या आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवून भिंतीवर सूर्याची प्रतिमा पाडायला शिकवलं होतं. 'घरी सांगा, ग्रहण पाळणं चुकीचं आहे' असं एकदाही म्हटलं नाही. काही घरांत आज्या दारातून भिंतीकडे बघत होत्या, काही घरांत दार बंदच राहिलं. आजीला खोटं पाडून शिकवलेलं विज्ञान मूल शाळेतच ठेवून घरी जातं, असं माझं ठाम मत आहे.

सराव पाठाला जाल तेव्हा एक तास मागच्या बाकावर बसा आणि फक्त एवढंच टिपा: साहित्याला कुणाकुणाचा हात लागला, कुणी तोंड उघडलं, कुणाचं वाक्य फळ्यावर गेलं. शाळेचं नाव न घालता त्या नोंदी इथे टाकल्यात तर मी नक्की वाचेन, आणि गट कसे पाडायचे यावर सविस्तर बोलू.