टॉर्चचे पैसे परत मागण्याआधी वन्यजीव कायद्याचं कलम ३९(२)

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या एका वाचकांनी इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्याकडून साडेअडतीस हजारांना घरच्या टाकीसाठी पाच जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, मागवली: टॉर्च, हॅमर, अ‍ॅक्रोपोराचा फ्रॅग (कापून वाढवलेला तुकडा), झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिप. पार्सल छत्तीस तासांनी पोचलं, टॉर्च मेलेलं निघालं. विक्रेता म्हणतो, डीओएचा (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे मेलेलं पोचल्याचा) फोटो दोन तासांत हवा होता, तुम्ही पाच तासांनी पाठवलात. याला अडीच महिने झाले. ग्राहक आयोगात दावा लावावा का? आणि शेवटी, जाता जाता: ‘हॅमरचं एक डोकं कापून डोंबिवलीच्या मित्राला चार हजारांना दिलं आहे, तेही तक्रारीत लिहावं लागेल का?’

दावा लावू नका. ‘दोन तासांत फोटो’ ही अट अन्यायकारक आहे की नाही, पॅकिंगमध्ये हीटपॅक होता की नाही, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. ग्राहक आयोगातल्या तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात तुम्ही शपथेवर लिहून द्याल की अमुक तारखेला मी टॉर्च, हॅमर आणि अ‍ॅक्रोपोरा विकत घेतले, सोबत यूपीआयची पावती आणि चॅट. ही तिन्ही स्क्लेरॅक्टिनिया गटातली कठीण कोरल आहेत. हा सगळा गट २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. पैसे परत मिळवण्यासाठी वनविभागाला आयता पुरावा तयार करून द्यायचा, तोही स्वखर्चाने. शिवाय ज्या व्यवहाराचा उद्देशच बेकायदा, तो करार अधिनियमाच्या कलम २३ खाली रद्दबातल ठरतो. ते साडेअडतीस हजार गेले असं समजा.

आता ज्याच्यावर सगळं अडलं आहे ते कलम. वन्यजीव अधिनियमाच्या ३९(१) प्रमाणे कायदा मोडून बाळगलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता असतो. ३९(२) सांगतं की अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने ताब्यात आली, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितली तर सोपवायची. शब्द ‘कोणत्याही मार्गाने’ असे आहेत. विकत घेतलं, भेट आलं, मित्राने टाकी बंद करताना दिलं, सगळं त्यात बसतं. पार्सल उघडून तुम्ही टॉर्चचा फोटो विक्रेत्याला पाठवला तेव्हा हे घड्याळ सुरू झालं होतं. डीओएची दोन तासांची मुदत चुकल्याची हळहळ अडीच महिने केलीत. कायद्याने दिलेल्या अठ्ठेचाळीस तासांची चौकशी केली नाही. मागवण्याआधी अनुसूची वाचायला दहा मिनिटं पुरली असती.

विक्रेते गिऱ्हाइकाला तीन गोष्टी पढवतात. तुमच्या पत्रातही तिन्ही आहेत.

एक, ‘परिवेशवर नोंदणी केली की झालं.’ २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर, प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत करायची नोंदणी चौथ्या अनुसूचीतल्या, म्हणजे साइटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीतल्या जिवंत प्राण्यांसाठी आहे. कठीण कोरल साइटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत, हे खरं. पण एखादी प्रजाती पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतही असेल, तर तिला त्याच अनुसूचीच्या तरतुदी लागू होतात, असं कलम ४९-आर म्हणतं. २०२० च्या ऐच्छिक घोषणा योजनेतूनही अनुसूचीतले प्राणी वगळलेलेच होते. मकाव आणि इग्वानावाल्यांना जे दार उघडलं, ते तुमच्यासाठी नाही.

दोन, ‘हे समुद्रातलं नाही, फार्ममध्ये वाढवलेलं आहे.’ कलम २ मधली बंदिवान प्राण्याची व्याख्या वाचा: पकडलेला, पाळलेला किंवा बंदिवासात पैदास केलेला अनुसूचित प्राणी. इंडोनेशियातल्या फार्मवर वाढलेला फ्रॅग आपल्या कायद्याने ‘निसर्गात आढळणारा वन्यप्राणी’ धरायचा का, हा बचाव उभा करता येतो. तो टिकेल की नाही हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो खटल्यातला बचाव आहे. टाकी बिनधास्त चालू ठेवायला त्याचा उपयोग नाही.

तीन, साइटीस परवान्याची झेरॉक्स. परवाना एका खेपेचा आणि एका आयातदाराच्या नावाचा असतो. तुमच्या टाकीतला चार सेंटिमीटरचा तुकडा त्याच खेपेतला, हे सिद्ध कोण करणार? कलम ५७ प्रमाणे प्राणी ताब्यात सापडला की ताबा बेकायदा असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं.

शिक्षेचं गणित तुम्ही विचारलेलं नाही, पण ऐकून ठेवा. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत किमान तीन वर्षं, कमाल सात, दंड किमान पंचवीस हजार. किमान कैद असलेल्या गुन्ह्यात कलम ५४ खाली तडजोड होत नाही, तेव्हा ‘दंड भरून मिटवू’ हा विचार सोडा. कमाल शिक्षा तीन वर्षांच्या वर असल्याने दखल घ्यायला कालमर्यादाही नाही. गप्प बसून प्रकरण शिळं होत नाही. जमेची बाजू एवढीच की कलम ५१-ए मधल्या जामिनाच्या कडक अटी या कायद्याखाली आधी शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. तुम्ही त्यात मोडत नसाल असं धरतो.

मग आता काय? उशिरा का होईना, लेखी कळवा, पण याच आठवड्यात फौजदारी वकिलाला अर्ज दाखवून मगच. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर सागरी जिवांचे विषय वनविभागाचा कांदळवन कक्ष पाहतो. अर्ज तिथे द्या आणि प्रत ठाणे वनविभागाच्या उपवनसंरक्षकांना. दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या. उशिरा दिलेली माहिती गुन्हा पुसत नाही आणि किमान शिक्षा खाली आणायची सूट न्यायाधीशांना नाही. पण या कायद्यात न्यायालय साधारणपणे प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच दखल घेतं. त्यामुळे त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमचा अर्ज आधी पोचला की दुसऱ्या कुणाच्या चॅटमधून निघालेलं तुमचं नाव, याने फरक पडतो. अटकपूर्व जामिनाच्या वेळीही पडतो.

अर्ज एक पानाचा ठेवा: काय आहे, किती आहे, कुठे आहे, केव्हापासून आहे. प्रत्येक तुकड्याचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो, आकार सेंटिमीटरमध्ये. कारणमीमांसा आणि माफीनामा नको. नंतर सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम ५०(८) खाली तुमच्यासमोर नोंदवलेला जबाब खटल्यात पुरावा म्हणून चालतो, हे विसरून गप्पांच्या ओघात बोलू नका.

चॅट आणि पावत्या खोडू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. कोरल कापू नका, कुणाला देऊ नका, संडासात ओतू नका. खाडीत किंवा समुद्रात सोडायचा विचार तर मुळीच नको. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या १८ प्रवाळ वसाहती हलवायला २०२० मध्ये खुद्द महापालिकेला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागली होती.

अर्जातच आणखी एक मागणी घाला: पर्यायी सोय होईपर्यंत कलम ५०(३ए) खाली बंधपत्रावर ताबा तुमच्याकडेच ठेवावा. मिळेलच असं नाही, पण कारण ठोस आहे. क्षारता हजारी ३५, तापमान २५ अंशांच्या आसपास आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच अशी स्थिर ठेवणारी टाकी फारशी कुठल्या वनकार्यालयात नसते, आणि बादलीतलं अ‍ॅक्रोपोरा रात्र काढेल याचा भरवसा नाही. तरीही न्यायचं ठरलं, तर हॅमर आणि अ‍ॅक्रोपोरा वेगळ्या डब्यांत, टाकीच्याच पाण्यात, बॅटरीवरचा एअर पंप लावून द्या; हॅमरचे लांब स्पर्शक शेजाऱ्याला डसतात. पंचनाम्यात ‘प्रवाळ, नग दोन, जिवंत’ असं स्पष्ट लिहून घ्या. पुढे मेली तर कुणाच्या ताब्यात मेली हा वाद होतो, आणि आपल्या न्यायालयांच्या गतीने तो वाद ऐकला जाईपर्यंत तुमच्या टाकीची काचही बदललेली असेल.

मेलेल्या टॉर्चचा सांगाडा शोपीस म्हणून ठेवला असेल, तर तोही यादीत घाला. ३९(१) मध्ये मृत सापडलेला प्राणीही येतो.

झोआ कठीण कोरल नाही आणि माझ्या वाचनाप्रमाणे अनुसूचीतही बसत नाही. ग्रीन स्टार पॉलिपबद्दल एवढी खात्री देणार नाही. अनुसूचीत सगळे गोर्गोनियन आहेत, आणि ज्या ब्रायेरियम वंशात हे पॉलिप मोडतात, तो वंश गोर्गोनियनांत धरण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून अर्जात त्याचाही उल्लेख करा. टाकीत समुद्रघोडा, ट्रायडॅक्ना शिंपला किंवा सी कुकुंबर असेल तर आजच वकिलाला सांगा. तुम्ही लिहिलं नाही म्हणजे नसेलच, असं मी धरत नाही. ‘लाइव्ह रॉक’ (टाकीत रचलेला समुद्रातला दगड) कुठून आला तेही बघा; किनाऱ्यावरून उचललेला असेल तर तो बहुधा मेलेल्या कठीण कोरलचाच असतो.

राहिलं मित्राला दिलेलं डोकं. तुमच्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती तळटीपेसारखी लिहिली आहे. कलम ४०(२) ताब्याबरोबर विक्रीला आणि हस्तांतरालाही मनाई करतं. चार हजार घेतल्यामुळे ‘हौस म्हणून पाळलं’ हे वाक्य तुमच्या तोंडी आता शोभणार नाही. ते डोकं परत मागवू नका. ती आणखी एक बेकायदा वाहतूक होईल. मित्राचे अठ्ठेचाळीस तास त्याला तुकडा मिळाला त्या दिवसापासून मोजले जातील. त्याने वेगळा वकील करावा, कारण तुमच्या जबाबात त्याचं नाव येणार आहे.