प्रश्न पॉलिसीचा आहे, चूक पसंतीक्रमात आहे

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : मी करवीर तालुक्यात राहतो. वय 49. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, पगार महिना 48 हजार. घरी दोन म्हशी आहेत, थोडा ऊस आहे. त्यातून वर्षाला सव्वा लाख उरतात. मुलीने यंदा नीट दिली. सीपीआर (कोल्हापूरचं शासकीय वैद्यकीय कॉलेज) किंवा मिरजेच्या शासकीय कॉलेजला लागेल इतके गुण नाहीत, पण राज्याच्या यादीतल्या काही खासगी कॉलेजांत गेल्या वर्षी शेवटची जागा जिथे थांबली, त्याच्या बऱ्याच आत तिचा नंबर आहे. प्रवेशाचं काम करणारे एक सल्लागार म्हणाले की ती कॉलेजं लांब आहेत आणि महाग आहेत, त्यापेक्षा घराजवळ अभिमत विद्यापीठातली जागा घ्या, हॉस्टेलचा खर्च वाचेल. फी वर्षाला 24 लाख, पाच वेळा. रिंगरोडलगत 20 गुंठे आहेत, गुंठ्याला 3 लाखांनी गिऱ्हाईक आहे, महिनाअखेर इसार देतो म्हणतोय. उरलेल्या 60 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढू. ती डॉक्टर झाली की दोन-तीन वर्षांत फेडेल. सल्लागारांचे दीड लाख ठरलेत, 50 हजार दिले. फॉर्म तेच भरतात. एसईबीसीचा दाखला आहे. नॉन-क्रिमीलेयर काढलेलं नाही, कारण अभिमतला जात लागत नाही असं ते म्हणाले. 2013 साली मुलीच्या शिक्षणासाठी बँकेतून एक पॉलिसी घेतली होती. हप्ता 60 हजार, 13 हप्ते भरून झाले. 2028 ला 15 लाख मिळतील असं एजंट सांगतो, आज मोडली तर 6.9 लाख मिळतील. पहिल्या फीसाठी ती आत्ता मोडू की थांबू? धाकटा मुलगा नववीत आहे.

उत्तर : नमस्कार. पॉलिसी मोडू नका. कारण पुढे सांगतो, ते चार ओळींचं आहे. त्याआधी इसार घेऊ नका, आणि राज्याच्या प्रवेश प्रक्रियेचं लॉगिन आज संध्याकाळच्या आत स्वतःच्या ताब्यात घ्या. तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ही आहे आणि तुम्ही ती विचारलेलीच नाही.

पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘अभिमतला जात लागत नाही, म्हणून नॉन-क्रिमीलेयर काढलं नाही.’ या एका वाक्यात तुमचे एक कोटी रुपये निघाले आहेत.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. तुमचं 5 लाख 76 हजार पगाराचं आणि सव्वा लाख घरचं, म्हणजे 7 लाख. तुम्ही बसता. वैद्यकीय शिक्षण यात आहे आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजही आहे. अट एकच, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला, संस्थास्तरावरच्या जागेला आणि खासगी अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही.

म्हणजे ज्या कॉलेजांना सल्लागार ‘महाग’ म्हणाले, त्यांचीच फी सरकार भरणार आहे. आणि जिथे सरकार एक रुपया देणार नाही तिथे ते तुमचे 20 गुंठे घालायला सांगत आहेत.

आता हिशोब, गोळाबेरीज करून. अभिमतचे 24 लाख गुणिले पाच, 1 कोटी 20 लाख. राज्याच्या कोट्यातल्या खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती कॉलेजागणिक बदलते, आपण वर्षाला 10 लाख धरू. त्यातले 9 लाखांच्या आसपास शिकवणी फीचे, ते माफ. उरली विकास फी, ती साधारण 1 लाख आणि ती तुमच्याकडेच. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं मिळून आणखी 2 लाख. वर्षाला 3 लाख, साडेचार वर्षांचे साडेतेरा-चौदा. इंटर्नशिपचं एक वर्ष धरून 15 म्हणा. एका बाजूला 15 लाख, दुसऱ्या बाजूला 1 कोटी 20 लाख. हॉस्टेलचे वर्षाला 2 लाख वाचवायला तुम्ही वर्षाला 24 लाख मोजायला निघालाय.

मुलगी लांब जाईल ही काळजी मी समजतो. पण राज्याच्या यादीत डेरवण आहे, सोलापूरजवळचं कुंभारी आहे, तळेगाव आहे. सकाळची एसटी धरली तर संध्याकाळपर्यंत पोचता येतं.

कर्जाचंही बघू. 60 लाख पाच वर्षांत 12-12 लाखांनी उचलले, व्याज साडेदहा टक्के धरलं आणि कोर्स संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू झाले, तर तोवरच साध्या व्याजाचे 28 लाख चढलेले असतील. म्हणजे 88 लाख. 15 वर्षांचा हप्ता महिना 97 हजार, 10 वर्षांचा 1 लाख 18 हजार. नुकत्याच एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला रुग्णालयात 60-70 हजार मिळाले तर बरं म्हणायचं, आणि ती बहुतेक त्याच वेळी पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करत असेल. दोन-तीन वर्षांत कर्ज फेडण्याची गोष्ट ज्याने तुम्हाला सांगितली, त्याने हा हप्ता कधी काढून पाहिलेला नाही. हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही पंचावन्न ओलांडलेले असाल आणि सहकर्जदार म्हणून सही तुमचीच असेल. 15 वर्षांच्या मुदतीत तुम्ही सत्तरीला टेकाल, जमीन गेलेली असेल आणि धाकट्याच्या शिक्षणाला काहीच उरलेलं नसेल.

आता पसंतीक्रम. पालक याकडे मुलीच्या आवडीची यादी म्हणून बघतात. मी कोऱ्या चेकांची चळत म्हणून बघतो. जागा मेरिट नंबरानुसार वाटतात. तुमच्या मुलीचा नंबर आला की संगणक तिची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली मोकळी जागा मिळेल ती देतो. खाली काय लिहिलंय ते मग बघतच नाही. म्हणून जी जागा तुम्हाला परवडत नाही ती यादीत कुठेच नको. ‘लिहून तर ठेवू, मिळाली तर बघू’ हे इथे चालत नाही.

दुसरं, पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर प्रवेश घेतला आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे ‘हीच जागा कायम ठेवा’ असं सांगणारा फॉर्म दिला नाही, तर तुम्ही बेटरमेंटला उभे आहात असं धरतात. पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा लागली की आधीची जागा आपोआप रद्द होते. वरती चुकून महाग जागा बसली असेल तर फी माफ असलेली जागा हातची जाते आणि ती परत मागता येत नाही. मिळालेलं कॉलेज मनासारखं असेल तर रिटेन्शन द्या आणि शांत बसा.

तिसरं, आणि याचीच मला सगळ्यात धास्ती आहे. खासगी कॉलेजच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, 15 टक्के संस्थास्तराच्या. कॉलेज तेच, वर्ग तोच, पण संस्थास्तराची फी कित्येक पट आणि माफी शून्य. फॉर्म दुसरा माणूस भरत असेल तर त्याने संस्थास्तराला होकार दिलाय का, हे तुम्हाला कळणारही नाही. लॉगिन घ्या, नोंदवलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा. ओटीपी सल्लागारांच्या फोनवर जात असेल तर तो नंबर आधी बदलून घ्या. मग मुलीला शेजारी बसवून एकेक ओळ वाचा.

अभिमतच्या जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, देशपातळीवर नीटच्या गुणांवर भरते. नोंदणीला 5 हजार आणि अनामत 2 लाख. पहिल्या फेरीनंतर लागलेली जागा नाकारली तर ही अनामत जाते. तिथे ‘जागा बुक करून देणारा’ कुणी नसतो. तुमचे सल्लागार दीड लाखात जे करतात ते तुमची मुलगी दोन दुपारींत स्वतः करेल. तिने नीटचे 180 प्रश्न सोडवलेत, हा फॉर्म त्याहून अवघड नाही. दिलेले 50 हजार परत मागा. नाही मिळाले तरी उरलेला 1 लाख देऊ नका. गेल्या पैशासाठी आणखी पैसा घालायचा नसतो.

यादी कशी लावावी? सगळ्यात वर राज्यातली सगळी शासकीय कॉलेजं, सीपीआर आणि मिरजेसकट. तुमच्या अंदाजाने लागणार नसतील तरी लिहा, लिहायला पैसे पडत नाहीत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, नंदुरबार, गडचिरोली, लांबची नवी कॉलेजंही सोडू नका. शासकीय कॉलेजची फी आधीच वर्षाला दीड लाखाच्या आसपास असते. शिक्षणानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर 10 लाख भरावे लागतात. तिने ती करावी, शिकायलाही मिळतं. त्याखाली खासगी कॉलेजं, फक्त राज्याच्या कोट्यातली. त्यांचा आपसातला क्रम रुग्णालयात पेशंट किती येतात ते पाहून लावा. माफी असली तरी विकास फी तुमची, म्हणून शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर प्रत्येक कॉलेजची फी फोडून बघा. बीडीएस लिहायचं की नाही, हे मुलीला विचारा. पत्रात तुमचं मत आहे, सल्लागारांचं आहे, एजंटचं आहे. तिचं एक वाक्यही नाही. दात बघायचे नसतील तर यादीत बीडीएस टाकून तिला अडकवू नका. आयुर्वेदाची नोंद स्वतंत्र गटात होते, ती हवी असेल तर वेगळी करा.

कागदांसाठी उद्या सकाळी सेतू केंद्र गाठा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणीचा अर्ज केला नसेल तर तो, आणि डोमिसाईल. उत्पन्न खरं लिहा, पगार आणि घरचं दोन्ही. कमी उत्पन्नाचा दाखला ‘काढून देणारे’ भेटतील. पुढे तपासणी झाली तर नुसती सवलतच नाही, प्रवेशही अडचणीत येतो. आणि तुम्हाला खोटं लिहायची गरजच नाही.

इथे एक खाचखळगा आहे. तुमचं उत्पन्न 7 लाख, मर्यादा 8. पगार वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर चौथ्या वर्षी तुम्ही 8 च्या पुढे जाल आणि त्यानंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी माफी अडू शकते. म्हणून शेवटच्या एका वर्षाची पूर्ण फी, 9-10 लाख, आपल्याला भरावी लागेल असं आजच धरून चला.

आणि इथे तुमची पॉलिसी येते. एजंटचे 15 लाख विसरा. सध्याच्या बोनसच्या दराने साडेबारा लाख हातात येतील. 15 वर्षांत 9 लाख भरून साडेबारा, म्हणजे वर्षाला चार टक्के. हेच 60 हजार पीपीएफमध्ये टाकले असते तर साडेसोळा लाखांच्या पुढे गेले असते. मुलीच्या शिक्षणाच्या नावाने हे विकलं, आणि शिक्षण सुरू होतं तेव्हा पैसे अडकलेले! अशा विक्रीचा मला मनापासून राग येतो. पण तो राग आता तुमच्या हिशोबात घालण्यात अर्थ नाही. आज मोडली तर 6.9 लाख; ते आणि उरलेले 1 लाख 20 हजार दोन वर्षं सात टक्क्यांनी ठेवले तर सव्वानऊ होतील. पॉलिसी चालू ठेवली तर साडेबारा. नुकसान मागे होऊन गेलं, पुढची दोन वर्षं मात्र फायद्याची आहेत. उरलेले दोन हप्ते भरा. 2028 ला येणारी रक्कम मुलीच्या शेवटच्या वर्षांसाठी मुदत ठेवीत बाजूला काढा.

पहिल्या वर्षी मात्र हाताशी पैसे लागतील. माफीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्फत येतात, उशिरा येतात, आणि तोवर काही कॉलेजं पालकांकडे फी मागतात. शासन निर्णय दाखवा, लेखी मागा. तरीही अडलंच तर याच पॉलिसीवर 6 लाखांच्या आसपास कर्ज मिळेल, ते घ्या आणि माफी आली की फेडा. त्याच्या व्याजाला मी घाबरत नाही.

अजून एक न विचारलेलं. तुमच्यावर चार माणसांचं घर आहे आणि विमा फक्त या पॉलिसीचा, साडेसात लाखांच्या आसपास असावा. 50 लाखांचा साधा टर्म विमा 60 वर्षांपर्यंत घ्या. तुमच्या वयाला वर्षाला वीसेक हजार पडतील. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. दीड लाख सल्लागाराला द्यायची तयारी होती, त्यात सात वर्षांचा विमा बसतो.

गिऱ्हाइकाला सांगा, जमीन विकायची नाही. पसंतीक्रम लॉक करण्याआधी यादी, मेरिट नंबर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत मला पाठवा. मुलीलाच पाठवायला सांगा, म्हणजे तिच्याशी थेट बोलता येईल.