कूलरच्या पाइपमधलं पाणी संपतं का?

प्रश्न : कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चार हीट पाइपांचा टॉवर कूलर (उभा, पंखा लावलेला) आहे. व्हिडिओ एडिटिंग करताना तापमान ७० अंशांच्या आसपास असायचं, या मे महिन्यात ९५ वर जातं. दुकानदार म्हणतो, पाइपमधलं पाणी संपलं, आता नवा कूलर घ्या. घ्यावा का?
– एक वाचक, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : इतक्यात घेऊ नका. पाइप म्हणजे हवा काढून दोन्ही टोकं कायमची बंद केलेली तांब्याची नळी. आत पाणी अगदी थोडं असतं, पण दाब इतका कमी की ते ५० अंशांनाही उकळतं. प्रोसेसरकडे त्याची वाफ होते आणि दर ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल उष्णता उचलली जाते. वाफ फिनांपाशी, म्हणजे नळ्यांवर बसवलेल्या पातळ धातूच्या पत्र्यांपाशी, थंड होऊन पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या तांब्याच्या भुकटीच्या थरातून, वातीत तेल चढावं तसं, ते परत येतं. नळीला चीर पडून हवा शिरली तरच हा फेरा कायमचा बिघडतो. त्यामुळे नळी वाकवू नका, तिला भोक पाडू नका.

खात्री करायला कूलर काढून, पंखा सोडवून, तळ ६०-७० अंशांच्या पाण्यात धरा आणि वरच्या आठही टोकांना लगेच बोट लावून पाहा. चांगली नळी काही सेकंदांत तापते. मागे राहिली ती गेलेली. उशीर केलात तर फिनांमधून तीही तापते आणि फरक कळत नाही. परत बसवण्याआधी तळ पूर्ण कोरडा करा.

इंदूरच्या मेमध्ये खोली दहा अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. उरलेल्या पंधरा अंशांचं कारण बहुधा पंख्यामागे फिनांवर बसलेला धुळीचा थर किंवा प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळलेली असणं. कूलर काढण्यापूर्वी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून प्लग काढा. कूलर सरळ ओढू नका, हलकेच पिळून सोडवा. काही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून (बोर्डवरच्या त्यांच्या जागेतून) उपटून येतात आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी चार-पाच मिलिमीटरचा थेंब ठेवा, स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा.

प्रश्न : कॅबिनेट आडवं ठेवलं तर चालेल?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : चालेल. प्रोसेसर खाली आणि फिन वर येतात, पाणी उतरायला उलट मदतच होते. याच्या उलट, फिन खाली लोंबतील असं मात्र ठेवू नका. भुकटीऐवजी आत नुसत्या खाचा असलेल्या नळ्या तिथे लवकर कोरड्या पडतात.