टेस्ट पास होते, पण ट्रेसमध्ये भलतंच फंक्शन दिसतं: माझा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला आणि अंबड एमआयडीसीतले ते दिवस आठवले. बॅकट्रेसचं (प्रोग्रॅम कोसळला तेव्हा कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं होतं त्या यादीचं) टूल तुम्ही स्वतः लिहिलेलं, नोरिटर्न फंक्शनची (बोलावणाऱ्याकडे कधीच न परतणाऱ्या फंक्शनची) टेस्ट पास होते, आणि कॉर्टेक्स-एम (एआरएमचा छोटा प्रोसेसर) बोर्डावरून आलेल्या ट्रेसमध्ये मात्र असं फंक्शन दिसतं ज्याला त्या वाटेवर कुणी बोलावतच नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

एलआर (परतीचा पत्ता ठेवणारं रजिस्टर), स्टॅक फ्रेम (प्रत्येक कॉलची स्टॅकवरची नोंद) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरते. कॉल ही फंक्शनची शेवटची इन्स्ट्रक्शन असेल तर परतीचा पत्ता शेजारच्या फंक्शनवर पडतो, म्हणून एक वजा करून शोधायचं, हे तुम्ही केलंच आहे. मीही केलं होतं. पण वजा कशातून करताय ते एकदा बघा. थंबमध्ये (कॉर्टेक्स-एमच्या इन्स्ट्रक्शन संचात) एलआरचा शेवटचा बिट १ असतो. समजा एलआरमध्ये ०८०००४०९ आहे (हेक्समध्ये). एक वजा केला की ०८०००४०८ उरतो, म्हणजे फक्त थंबचा बिट गेला, पत्ता शेजाऱ्याच्याच दारात. आधी बिट काढायचा, मग एक वजा करायचा: ०८०००४०७. जीडीबी हा डीबगर हे आपलं आपण करतो, घरच्या टूलमध्ये आपल्यालाच करावं लागतं.

एवढी उघड चूक टेस्टमध्ये का सापडली नाही? मला सगळ्यात महाग पडलं ते हेच. माझ्या टेस्टमध्ये शेवटचा कॉल एक मेसेज घेऊन जायचा. स्ट्रिंगचा पत्ता लोड करायला कंपायलर फंक्शनच्या शेपटाला लिटरल पूल (अशा पत्त्यांचा छोटा साठा) ठेवतो, आणि तो त्याच फंक्शनच्या हद्दीत मोजला जातो. म्हणजे परतीचा पत्ता पूलवर पडायचा, नाव बरोबर यायचं, वजाबाकी चुकलेली असली तरीही! प्रत्यक्ष कोडमध्ये तो कॉल बिनआर्ग्युमेंटचा होता, मागे पूल नव्हता.

आमचे कंट्रोलर पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात बसवले होते, आणि सीझन ऐन भरात होता. ट्रेसमध्ये कंप्रेसर सुरू करणारं फंक्शन दिसायचं. ज्या सहकाऱ्यानं ते लिहिलं होतं, त्याला मी ते दोनदा नव्यानं लिहायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यानं ते वेगळ्या फाइलमध्ये हलवलं, लिंकरचा (फंक्शनं मेमरीत मांडणाऱ्या टूलचा) क्रम बदलला आणि ट्रेसमधलं नाव बदललं. आम्हाला वाटलं, दोष सुटला. प्रत्यक्षात फक्त शेजारी बदलला होता. त्या मुलाची मी नंतर माफी मागितली, पण ते दिवस परत आले नाहीत. टूलचेन (कंपायलर आणि सोबतची टूल्स) जिथून घेतली होती तिथल्या सपोर्टला तीन मेल केले, तिन्हींचं उत्तर एकच: स्टॅक वाढवून बघा. डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) जोडली होती, ती कुणी उघडली असेल असं वाटत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून आता टेस्ट लिहिताना मी शेवटचा कॉल बिनआर्ग्युमेंटचा ठेवते, त्याच्या अगदी मागे दुसरं फंक्शन येतंय का हे डिसअसेंब्लीत डोळ्यांनी बघते, आणि टेस्ट आधी मुद्दाम चुकीच्या टूलवर चालवून ती फेल होते याची खात्री करते. फक्त त्या फंक्शनचं नाव तपासून थांबू नका, वरच्या मेनपर्यंतच्या फ्रेम्स तपासा. अनवाइंडची (एका फ्रेमवरून वरच्या फ्रेमवर जाण्याची) माहिती शेजाऱ्याची उचलली गेली की पुढची साखळीच कोसळते. उलट टेस्टही हवी: फंक्शनच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनला फॉल्ट. तिथे हार्डवेअरनं स्टॅकवर ठेवलेला पीसी (फॉल्ट झालेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) नेमका असतो, त्यातून एक वजा केला तर मागच्या फंक्शनवर आळ जातो.

नोरिटर्न काढून टाका असा सल्ला मिळेल. माझ्या मते तो ऐकू नका. जीसीसी हा कंपायलर नोरिटर्न कॉलचा टेल कॉल (बोलावणाऱ्याची फ्रेम टाकून थेट उडी) करत नाही, त्यामुळे बोलावणारी फ्रेम शिल्लक राहते. नोरिटर्न काढलं तर ऑप्टिमायझेशनमध्ये तीच नाहीशी होऊ शकते. नोरिटर्न फंक्शन स्वतः एलआर स्टॅकवर ठेवतंय का तेही बघा. एआरएमवर जीसीसी ते कधीकधी गाळतं, आणि न ठेवलेला पत्ता कुठलाच डीबगर शोधून देणार नाही. मी फॅटल हँडलरच्या (गंभीर दोष आल्यावर चालणाऱ्या नोरिटर्न फंक्शनच्या) पहिल्याच ओळीत परतीचा पत्ता वाचून राखीव रॅममध्ये टाकते.

हे सगळं जीसीसी आणि कॉर्टेक्स-एमपुरतं, दुसऱ्या कंपायलरवर मी काम केलेलं नाही. त्या फंक्शनच्या शेवटच्या पाच-सहा ओळींची डिसअसेंब्ली इथे टाकलीत तर बघून सांगते.