छाती न उघडता हार्टचा व्हॉल्व्ह खरंच बदलता येतो का? आईचं वय 76 आहे, डॉक्टर ‘टावी’ करा म्हणतात

हो, येतो. माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ते 78 चे होते. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात प्रश्न विचारून विचारून सगळ्यांचं डोकं खाल्लंय, त्यावरून सांगतो.

बाबांना जिना चढताना दम लागायचा, आम्ही म्हणायचो वय झालं, आमचे नेहमीचे डॉक्टरही तेच म्हणाले, आणि मग एक दिवस मंडईतून येताना चक्कर येऊन पडले. इको (हार्टची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की ॲओर्टिक व्हॉल्व्हवर, म्हणजे हार्टमधून शरीराकडे रक्त जातं तिथल्या झडपेवर, कॅल्शियम साचलंय आणि तो नीट उघडतच नाहीये. याला गोळी नाही बरं का. गोळीने दम थोडा कमी होईल, झडप मोकळी होत नाही.

टावीत जांघेतल्या धमनीतून नळी हार्टपर्यंत नेतात, टोकाला घडी करून दाबलेला नवा व्हॉल्व्ह असतो, तो जुन्याच्या आतच उघडतात, म्हणजे जुना काढत नाहीतच, तो बाजूला चेपला जातो. फुगा फुगवून उघडायचा व्हॉल्व्ह असेल तर तो फुगवताना काही सेकंद हार्ट मुद्दाम इतकं पळवतात की रक्ताचा जोर पडतो आणि व्हॉल्व्ह जागचा सरकत नाही. पाकळ्या गाईच्या नाहीतर डुकराच्या हृदयावरच्या आवरणाच्या असतात. बाबा माळकरी, हे त्यांना सांगायचं कोणी यातच आमचे दोन दिवस गेले, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तर बाबा म्हणाले, “मग त्या जिवाचे उपकारच की!”

प्रयोग वगैरे वाटत असेल तर तसं नाहीये. 2002 मध्ये फ्रान्सच्या रूआँ शहरात ॲलन क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा हे केलं, आधी फक्त ओपन सर्जरी न झेपणाऱ्यांसाठी होतं, 2019 पर्यंत कमी धोक्याच्या पेशंटमध्येही चांगले रिझल्ट आले. आता वापीची मेरिल कंपनी भारतातच असा व्हॉल्व्ह बनवते. तरी खर्च लाखांतच, आमचे सगळे मिळून 16 गेले.

लोक कंपनी कोणती यावर अडतात, माझ्या मते खरी गोष्ट आधीचा सीटी स्कॅन. व्हॉल्व्हचं माप, जांघेतली नस किती रुंद, कॅल्शियम कुठे, सगळं त्यातच कळतं, आणि कधीकधी त्यावरूनच ओपन बरं असंही निघतं. म्हणून सर्जनलाही तो दाखवा, फक्त टावी करणाऱ्यांनाच नको.

आणि पेसमेकरचं आत्ताच विचारा. नवा व्हॉल्व्ह बसतो त्याच्या अगदी शेजारून हार्टची ‘वायरिंग’ जाते, ती दाबली गेली की ठोके मंदावतात. बाबांना तिसऱ्या दिवशी बसवावा लागला, आम्हाला कोणी आधी बोललंच नव्हतं, त्या रात्री आयसीयूबाहेर आम्ही तिघं भावंडं व्हॉल्व्ह फेल गेला समजून रडत बसलो होतो. मेडिक्लेमवाल्यांनाही पेसमेकरसकट मेल करून लेखी विचारा, आम्ही फोनवर विचारलं होतं 😐