गाडीत बसवलेलं नॅव्हिगेशन घ्यायचं का मोबाईलवर भागवायचं?

भावा, गाडीचं अभिनंदन! फक्त नॅव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घ्यायचं म्हणत असशील तर जरा थांब. मोबाईल, घट्ट बसणारा होल्डर आणि फास्ट चार्जर, सुरुवातीला एवढं बास झालं. साधा चार्जर नको, नॅव्हिगेशन चालू असताना बॅटरी भरायच्या ऐवजी उतरतच जाते.

कंपनीच्या सिस्टिमचं एक मानलं पाहिजे, बऱ्याच गाड्यांत ती चाकाच्या वेगावरनं अंदाज घेते त्यामुळं खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रह दिसला नाही तरी बाण पुढं सरकत राहतो. पण नकाशा अपडेट कसा होतो, पैसे पडतात का, हे शोरूममध्ये आधी विचार. अँड्रॉइड ऑटो (मोबाईलचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) असलेला स्क्रीन असंल तर मग प्रश्नच मिटला.

नवीन लोकं हमखास चुकतात ते इथं:

- नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं असं वाटतं. तसं नसतंय, जागा उपग्रहावरनं कळते, नेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिकसाठी. बामणोली, तापोळ्याकडं निघायच्या आधी घरच्या वायफायवर तेवढा भाग ऑफलाइन उतरवून घे.
- ॲप टू-व्हीलर मोडवर राहतं अन् गाडी बोळात घुसते. निघताना कारचं चिन्ह बघ.
- होल्डर काचेच्या मधोमध किंवा एअरबॅगच्या झाकणावर लावतात. एसीच्या जाळीवर लाव, मोबाईल गारपण राहतो.

आणि पत्ता गाडी हलायच्या आधी टाकायचा, चालवताना नाही. शेजारी कोण असंल तर त्याला टाकायला सांग.